वाघ, बकऱ्या आणि पात्रांचा तोल

मेजाभोवती बसून, बोलत-बोलत खेळल्या जाणाऱ्या भूमिकाखेळात खेळाडूच्या हातात सोंगटी नसते, पात्र असते. ते पात्र कोण, त्याच्या अंगात बळ किती, कोणती विद्या त्याला येते आणि कशात ते कच्चे आहे, हे खेळ सुरू होण्याआधी कागदावर मांडले जाते. चार-पाच जण आपापली पात्रे घेऊन बसतात. एक जण सूत्रधार होतो, प्रसंग सांगतो, वेशीवरचा पहारेकरी किंवा बाजारातला सावकार यांच्या तोंडून बोलतो. जिथे निकाल नक्की नसतो तिथे फासे पडतात. पात्र घडवताना खेळाडूला अनेक पर्याय मिळतात: पेशा, क्षमता, कसब, उणिवा, पूर्वायुष्य. या पर्यायांमध्ये तोल कसा राखायचा, हा भूमिकाखेळांच्या रचनेतला सर्वांत जुना आणि सर्वांत चिवट प्रश्न आहे.

तोल बिघडल्याची लक्षणे दोन. एखादा पर्याय इतका वरचढ ठरतो की जाणता खेळाडू दुसरे काही घेतच नाही, आणि मग कागदावर पन्नास पर्याय असले तरी निवड उरत नाही. दुसरे लक्षण मेजावर दिसते. एकाचे पात्र कुलूपही उघडते, वाघही मारते आणि सावकारालाही पटवते. शेजारच्याचे पात्र नुसते बरोबर चालते. तो खेळाडू लिंबूटिंबू होतो. आठवड्यातली एक संध्याकाळ काढून आलेल्या माणसाला असे नुसते बसून राहावे लागणे, हे या खेळातले सर्वांत मोठे अपयश मानावे लागेल, कारण हरण्यातही मजा असते, पण बिनकामाचे असण्यात नसते.

असमान बळातून समतोल डाव उभा करण्याची कला भारतीय उपखंडाला नवी नाही. वाघ-बकरीचा खेळ महाराष्ट्रात वेगवेगळ्या पटांवर खेळला जातो. नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगरहून तेलंगणाची हद्द दूर नाही, आणि तिकडच्या तेलुगू मुलखात हाच खेळ पुली-जूदम म्हणून ओळखला जातो. त्याच्या प्रचलित रूपात तीन वाघ आणि पंधरा बकऱ्या असतात. बकरीवरून उडी मारून वाघ तिला खातो. बकरीला कोणालाच मारता येत नाही. तिने इतर बकऱ्यांसोबत वाघाची वाट अडवायची, त्याला कोंडायचे. दोन्ही बाजूंच्या सोंगट्या, त्यांची संख्या, त्यांच्या चाली, जिंकण्याची अटसुद्धा वेगळी. तरीही डाव रंगतो, कारण एका बाजूचे बळ ज्या जातीचे आहे त्या जातीची उणीव दुसऱ्या बाजूने वेगळ्याच मार्गाने भरून काढलेली आहे. तोल म्हणजे सारखेपणा नव्हे, ही गोष्ट या पटावर स्वच्छ दिसते.

मात्र हा पट भूमिकाखेळाला जसाच्या तसा लागू पडत नाही. वाघ आणि बकऱ्या एकमेकांविरुद्ध असतात, त्यामुळे कोण किती वेळा जिंकते हे मोजून तोल तपासता येतो. भूमिकाखेळातली पात्रे एकाच टोळीत असतात. पैलवान वैदूला हरवू शकतो का, हा प्रश्नच तिथे गैरलागू आहे. प्रश्न असतो तो असा: चार तासांच्या खेळात वैदूच्या खेळाडूला काही ठरवायची, काही घडवायची संधी किती वेळा आली? पैलवानाशिवाय ज्या पेचातून टोळी सुटली नसती असा एक तरी पेच आला का? हे मोजणे विजयांच्या मोजणीइतके सोपे नाही, आणि रचनाकारांची पन्नास वर्षे प्रामुख्याने या अडचणीत गेली आहेत.

छापील भूमिकाखेळांची सुरुवात १९७४ मध्ये अमेरिकेत झाली. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन यांनी डंजन्स अँड ड्रॅगन्स प्रसिद्ध केला. लुटुपुटूच्या सैन्यांच्या युद्धखेळातून तो निपजला होता, आणि त्यात तीनच पेशे होते: योद्धा, जादूगार आणि धर्मोपदेशक. बळ, बुद्धी, शहाणपण, काटकपणा, चपळाई आणि प्रभाव या सहा क्षमता तीन-तीन फासे टाकून, पडतील त्या क्रमाने लिहून घ्यायच्या. म्हणजे पात्र निवडायचे नव्हतेच. नशिबाने पदरात घातलेले पात्र खेळायचे होते. तीन फाशांची सरासरी साडेदहा येते आणि १८ येण्याची शक्यता २१६ मध्ये एक. एकाच्या वाट्याला १६-१७ चे आकडे आणि दुसऱ्याच्या वाट्याला ७-८ चे, असे सर्रास होई. त्या वेळी ते फारसे खटकत नसे, कारण मूळ नियमांत या आकड्यांचा खेळावरचा परिणाम बेताचा होता आणि पात्रे झटपट मरत. आज मेलेल्या पात्राच्या जागी उद्या नवे येई. इथे नशीबच सर्वांना आळीपाळीने उजवे-डावे करत होते.

त्या पहिल्या नियमांत तोलाचा विचार नव्हता असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. तो काळाच्या ओघात पसरलेला होता. जादूगार आरंभी अगदी दुबळा, एखाद्या मंत्रापुरता. पण टिकला तर शेवटी सर्वांवर मात करणारा. म्हणून त्याची वाट जास्त चढणीची ठेवली होती. दुसरी पायरी गाठायला धर्मोपदेशकाला १५०० अनुभवगुण लागत, योद्ध्याला २००० आणि जादूगाराला २५००. मानवेतर पात्रांना जन्मजात विशेष शक्ती मिळत, पण त्यांच्या प्रगतीवर कमाल मर्यादा होती: बुटक्या वंशाचा योद्धा सहाव्या पायरीपुढे जात नसे. हा हिशेब कागदावर बरोबर आणि मेजावर चूक होता. काही महिने खेळून मोडलेल्या मंडळींना नंतरची मर्यादा कधी भेटतच नसे, फक्त आधीचा फायदा मिळे. आणि वर्षानुवर्षे टिकलेल्या मंडळीत योद्ध्याचा खेळाडू जादूगाराकडे बघत बसे. सुरुवातीचा अन्याय शेवटच्या अन्यायाने भरून निघत नाही, कारण खेळ दर संध्याकाळी नव्याने खेळला जातो.

१९७७ मधल्या ट्रॅव्हलर या अंतराळखेळाने पात्रघडणीलाच जुगार केले. पात्र सैन्यात किंवा व्यापारी ताफ्यात चार-चार वर्षांच्या मुदती काढते, प्रत्येक मुदतीत काही शिकते. पण जगण्याचा फासा फसला तर खेळ सुरू होण्याआधीच मरते. जास्त अनुभवी पात्र हवे तर जास्त धोका पत्करा, असा तो करार होता. त्याच सुमारास फाशांचा कडवटपणा कमी करण्याचे उपाय येऊ लागले. १९७९ च्या सूत्रधारासाठीच्या ग्रंथात गायगॅक्स यांनी चार फासे टाकून सर्वांत लहान सोडून देण्याची रीत दिली. त्याने सरासरी साडेदहावरून सव्वाबाराच्या जवळ गेली. पात्रे बळकट झाली, पण एकमेकांच्या बरोबरीची झाली नाहीत.

बरोबरीचा खरा प्रयत्न गुणांच्या खरेदीतून झाला. १९८१ मधल्या चॅम्पियन्स या महानायकांच्या खेळाने आणि १९८६ मध्ये स्टीव्ह जॅक्सन यांनी आणलेल्या गर्प्सने प्रत्येक खेळाडूच्या हाती सारखीच रक्कम ठेवली. गर्प्समध्ये नेहमीच्या नायकाला १०० गुण. त्यातून बळ घ्या, भाषा घ्या, नेमबाजी घ्या. उणीव पत्करली तर वर गुण मिळतील. सगळ्यांचा खर्च सारखा, म्हणून सगळी पात्रे सारखी, अशी त्यामागची समजूत. ती अर्धीच खरी ठरली. किंमत ठरवणारा लेखक एका गावी, खेळणारे दुसऱ्या. उणिवांच्या बाबतीत ही फट लगेच दिसली: वाळवंटात चालणाऱ्या कथेत पाण्याची भीती ही उणीव घेऊन कोणीही फुकटचे गुण पदरात पाडून घेई. जी उणीव खेळात कधी आडवी येत नाही तिला गुण देऊ नयेत, असे चॅम्पियन्सने मग सरळ सांगितले. नियम योग्य आहे. पण ती आडवी येणार की नाही हे फक्त सूत्रधाराला ठाऊक असते.

किंमत जागेवर अवलंबून असते, हे हिमायतनगरच्या मुलखातला एक कल्पित खेळ डोळ्यांपुढे आणला की नीट कळते. समजा, बैलांच्या तांड्याचा काळ आहे. गावाचे नाव अजून वाढोणाच आहे. टोळीला गावच्या परमेश्वर मंदिरापासून निघून पैनगंगेच्या काठाने, सहस्रकुंडावरून, किनवटच्या रानातून माहूरला जायचे आहे. या खेळात पोहण्याचे कसब किती गुणांना द्यावे? चैत्रात नदीत डोह तेवढे उरतात, तेव्हा त्याची किंमत शून्य. श्रावणात पैनगंगा दुथडी भरून वाहत असताना तेच कसब टोळीचा जीव वाचवते. किंवा भाषा घ्यावी. बहुतेक छापील खेळांत भाषा हा सर्वांत स्वस्त, जवळजवळ खिरापतीसारखा वाटलेला पर्याय असतो, कारण बहुतेक काल्पनिक जगांत सर्वांना एक सामायिक बोली येते. या मुलखात मराठी, तेलुगू, दखनी, गोरमाटी आणि गोंडी एका दिवसाच्या वाटेवर कानी पडतात. पाचही भाषा जाणणारा वाटाड्या इथे तलवारबाजापेक्षा वरचढ पात्र होऊ शकतो. दुसऱ्या देशात, दुसऱ्या जगासाठी छापलेली किंमत इथे आंधळेपणाने लावली तर हा वाटाड्या फुकटात मिळेल आणि तलवारबाज महागात पडेल. पर्यायाला स्वतःची किंमत नसते. किंमत असते ती त्या जगात येणाऱ्या पेचांना.

याच कल्पित खेळात आणखी एक प्रश्न उभा राहतो, आणि तो आकड्यांच्या पलीकडचा आहे. बंजारा पात्राला वाटा ओळखण्यात अधिक गुण द्यावेत, गोंड पात्राला शिकारीत, ब्राह्मण पात्राला विद्येत, अशी रचना हाताला सहज येते. छापील खेळांनी बराच काळ हेच केले: वंश निवडला की क्षमता आपोआप वाढत. तोलाच्या दृष्टीने याचा परिणाम असा की प्रत्येक पेशासाठी एकच वंश योग्य ठरतो आणि दोन निवडींची मिळून एकच निवड होते. महाराष्ट्रात याहून मोठी हरकत आहे. जन्मावरून लायकी ठरवण्याचा व्यवहार इथे कल्पित नव्हता. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी जन्मालाच गुन्हा चिकटवला, आणि ते रद्द व्हायला १९५२ उजाडले. ज्या समाजांनी हे सोसले त्यांच्यातले मूल मेजाभोवती बसले असताना त्याच्या जमातीपुढे ‘चोरी: अधिक २’ असा आकडा दिसणे ही खेळाची चूक नव्हे, अपराध आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्सनेही दिशा बदलली: २०२० मध्ये वंशाने मिळणारे क्षमतागुण हवे तिथे लावण्याची मुभा दिली, आणि २०२४ च्या सुधारित नियमांत ते गुण वंशापासून काढून पूर्वायुष्याशी जोडले. पात्र काय शिकले, कुठे वाढले, कोणाच्या हाताखाली राबले, यावरून कसब ठरावे. तसे केल्याने पर्यायांची जुळणी खुली होते, म्हणजे न्याय आणि तोल इथे एकाच दिशेला जातात.

पर्याय वाढू लागले की अडचणीचे स्वरूप बदलते. २००० मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्सची तिसरी आवृत्ती आली. जोनाथन ट्वीट, माँटी कुक आणि स्किप विल्यम्स यांच्या या रचनेत कसबांची मोठी यादी होती, पेशांची मनमोकळी सरमिसळ होती, आणि पुढच्या प्रत्येक पुस्तकाने त्यात भर घातली. दहा पर्यायांतून दोन निवडायचे तर ४५ जोड्या होतात, तीन निवडायचे तर १२० त्रिकुटे. पर्याय चाळीस झाले की जोड्या ७८० आणि त्रिकुटे ९,८८०. एकेक पर्याय तपासणे शक्य असते. प्रत्येक जुळणी तपासणे कोणत्याही प्रकाशनगृहाला शक्य नाही. या आवृत्तीत निसर्गोपासक पुरोहिताला मंत्र होते, जनावराचे रूप घेता येई आणि वर एक इमानी जनावर सोबतीला मिळे. ते जनावरच पुष्कळदा टोळीतल्या योद्ध्याच्या तोडीचे ठरे. दुसऱ्या टोकाला काही कसबे अशी होती की ती घेणारा फसला. थोडा जादा जीव देणारे एक कसब त्यासाठी कुप्रसिद्ध आहे. काही निवडी इतरांपेक्षा मुद्दाम सरस ठेवल्या होत्या, नियमांत मुरलेल्याला त्याचे फळ मिळावे म्हणून, असे कुक यांनी पुढे स्वतः लिहिले. हा विचार स्पर्धेच्या खेळात शोभेल. मित्रांच्या मेजावर तो नवख्याला शिक्षा करतो, तीही खेळ सुरू होण्याआधी केलेल्या एका निवडीबद्दल, जिचे परिणाम त्याला महिन्यांनी कळतात.

जुळणीचा परिणाम आकड्यांत पाहण्यासारखा आहे. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत जड शस्त्र पेलणाऱ्यांसाठी एक कसब होते: वार करताना वीस बाजूंच्या फाशातून ५ वजा करायचे, वार लागला तर इजा १० ने वाढवायची. एरवी सरासरी १० इजा करणारा योद्धा घ्या. वार लागण्याची शक्यता ६५ टक्के असेल तर साध्या वाराची सरासरी ६.५ आणि धाडसी वाराची, ४० टक्के गुणिले २०, म्हणजे ८. शक्यता ५० टक्क्यांवर आली की दोन्ही बाजूंना ५ येतात. ३५ टक्क्यांवर साधा वार ३.५ आणि धाडसी अवघा २. इथवर कसब उत्तम आहे: समोरचा कोण हे पाहून खेळाडूला दर वेळी ठरवावे लागते. आता टोळीतल्या सोबत्याने अशी मदत केली की योद्ध्याला दोन फासे टाकून मोठा धरता येतो. ६५ टक्क्यांचे जवळजवळ ८८ होतात, ४० चे ६४. साधा वार ८.८ च्या घरात, धाडसी १२.८. जिथे दोन्ही बरोबरीत होते त्या ५० टक्क्यांच्या ठिकाणीही आता साधा ७.५ आणि धाडसी ८.७५. दोन पर्याय स्वतंत्रपणे समतोल होते; एकत्र येताच बहुतेक वेळा विचार करण्याची गरज संपली आणि धाडसी वार हाच नेहमीचा वार झाला. २०२४ मध्ये वजा पाच आणि अधिक दहाची ही अट काढून टाकली गेली.

सर्वांना एकाच साच्यात बसवले तर हा त्रास टळतो का? २००८ च्या चौथ्या आवृत्तीने तसे करून पाहिले. योद्धा असो की जादूगार, प्रत्येकाला हवे तेव्हा वापरायच्या, एका चकमकीत एकदा वापरायच्या आणि दिवसातून एकदा वापरायच्या अशा शक्ती मिळत. लढाईतला तोल तिच्याइतका काटेकोर क्वचितच कोणी साधला असेल. पण अनेक खेळाडूंना सगळी पात्रे हाताला सारखीच लागली आणि ते दुरावले. ही टीका काहीशी कठोर होती. तरी तिच्यात तथ्य होते. पात्र वेगळे वाटावे म्हणून खेळाडू पर्याय निवडतो, आणि तोल साधण्यासाठी तो वेगळेपणाच खर्ची पडला तर व्यवहार तोट्याचा. पाचव्या आवृत्तीने मधली वाट घेतली: पेशे पुन्हा वेगवेगळे केले, पण आकड्यांची धाव आवरली. पहिल्या पायरीपासून विसाव्यापर्यंत प्रावीण्याची भर फक्त २ वरून ६ वर जाते, त्यामुळे कसलेल्या आणि बेताच्या पात्रांत अंतर राहते, दरी पडत नाही.

काही रचनाकारांनी असमानता लपवली नाही, तिला जागा दिली. १९८७ मधल्या आर्स मॅजिकात जादूगार इतरांपेक्षा उघडपणे बलाढ्य असतात. म्हणून एकाच खेळाडूकडे एक जादूगार, एक सोबती अशी वेगवेगळी पात्रे असतात आणि जादूगार होण्याची पाळी फिरत राहते. पात्रांत तोल नाही, खेळाडूंत आहे. बफी या दूरचित्रवाणी मालिकेवरच्या २००२ मधल्या खेळात नायिकेकडे अमानुष बळ आणि तिच्या साध्या मित्रांकडे ते नाही. पण कथेला कलाटणी देणारे नाट्यगुण नायकांना १० तर मित्रांना २०. वाघ-बकरीच्या पटावरची युक्ती इथे पुन्हा भेटते: ज्याच्याकडे दात नाहीत त्याच्याकडे वाट अडवण्याची सोय. २०१० मधल्या अपोकॅलिप्स वर्ल्डने प्रत्येक पात्राला त्याचे स्वतःचे पान दिले आणि एका पानावरचे खास सामर्थ्य सुरुवातीला दुसऱ्या पानावर येणार नाही याची काळजी घेतली. तिथे बळाची तुलना मागे पडते, कारण प्रत्येकाचे खास काम दुसऱ्याला सहजासहजी करता येत नाही. नव्याने रचना करणाऱ्यासाठी हीच वाट सर्वांत भरवशाची दिसते: आधी टोळीत कोणकोणती कामे आहेत ते ठरवावे, प्रत्येक पेशाला निदान एक काम फक्त त्याचे म्हणून द्यावे, आणि आकड्यांची घासाघीस त्यानंतर करावी.

तरीही छापील नियम संपतात तिथे सूत्रधाराचे काम सुरू होते. मराठवाड्यातल्या जत्रांमधल्या कुस्तीच्या फडावर वस्ताद मंडळी नजरेने जोड लावतात. वय, वजन, अंगाचा बांधा, कोणत्या तालमीतला, मागच्या जत्रेत कोणाशी खेळला, हे पाहून नारळाच्या कुस्तीपासून मानाच्या कुस्तीपर्यंत जोडी ठरते. सूत्रधारालाही अशीच नजर लागते, फक्त त्याला पात्राची जोड प्रसंगाशी लावायची असते. टोळीत वाटाड्या असेल तर वाट चुकण्याचा धोका कथेत हवा. बहुरूपी असेल तर वेश पालटून आत शिरण्याजोगा वाडा हवा. मात्र सूत्रधार सांभाळून घेईल म्हणून सदोष नियम छापणे योग्य नव्हे. अनुभवी सूत्रधार निभावून नेतो. शाळेच्या सुट्टीत पहिल्यांदाच खेळ मांडणाऱ्या मुलांकडे ती नजर अजून आलेली नसते, आणि पुस्तकाची खरी गरज त्यांनाच असते.

म्हणून छापण्याआधीची चाचणी महत्त्वाची. ती दोन प्रकारच्या माणसांकडून करून घ्यावी लागते. नियमांत मुरलेल्यांना खेळ मोडून दाखवायला सांगावे; सर्वांत बलाढ्य पात्र ते तासाभरात शोधून काढतात. नवख्यांना काहीच न सांगता पात्र घडवू द्यावे. नावावर भाळून ते जे घेतात त्यातून फसवे पर्याय उघडे पडतात. नंतर पात्रांचे सगळे कागद एकत्र मांडावेत. एखादे कसब प्रत्येक कागदावर असेल तर ते स्वस्त आहे, किंवा मुळात सर्वांना आपोआप मिळायला हवे होते. एकाही कागदावर नसेल तर महाग असेल, निरुपयोगी असेल, किंवा त्याचे वर्णन कळत नसेल. तीन कारणांवरचे उपाय तीन, त्यामुळे आकडा बदलण्याआधी खेळाडूंना विचारलेले बरे. खेळ चालू असताना दोष सापडला तर खेळाडूच्या हातातले एकाएकी काढून घेऊ नये. निवड प्रामाणिकपणे केलेली असते आणि पात्रावर जीव जडलेला असतो. पुढच्या बैठकीआधी त्याच्याशी बोलून, त्याच गुणांत दुसरे काही घेण्याची मुभा द्यावी, आणि दुबळ्या पात्राच्या खेळाडूलाही तीच मुभा द्यावी.